बेंदराच्या मिरवणुकीतला पखालीचा बैल

आमच्या पेठेच्या पुढाऱ्यांना मी आजही क्षमा केलेली नाही. महाराजांच्या अमदानीत त्यांचे दरबारी वजन मोठे. पेठेतले तंटे ते एकटेच तोडीत. शाहूवाडीकडच्या डोंगरांत जनावरे चोरणारी एक टोळी होती. तिच्या म्होरक्याची बहीण आमच्याच रस्त्यावर एका माडीत राहत असे, आणि तिच्या मागील दारी संध्याकाळी पुढाऱ्यांचा छकडा उभा असे. शिपाई निघण्याआधी टोळीला खबर पोचे, ती याच दाराने. हे सर्वांना ठाऊक होते. बोलत कोणी नव्हते.

बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण; त्याच्या आधी आमच्या भिस्त्याचा बैल चोरीस गेला. पांढराशुभ्र, देखणा. त्याच्या पाठीवर पखाल घालून भिस्ती दारोदार पाणी पुरवी; आता तो कातडी मशक स्वतःच्या पाठीवर वाहू लागला. पुढाऱ्यांकडे दाद मागितली, तर म्हणाले, "पुरावा काय?"

चोरलेले जनावर दक्षिणेकडे कानडी मुलखात पाठवायचे, हा टोळीचा शिरस्ता. या एका बैलापुरता तो मोडला गेला.

बेंदराला पुढाऱ्यांचा नवा बैल मिरवणुकीत अग्रभागी होता. शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल. माझ्या दारासमोर येताच तो थांबला. गड्याने आसूड ओढला, तरी हलेना.

"घागर आणा रं! पाणी घेतल्याबिगर हलायचा न्हाय त्यो!" गर्दीतून कोणी ओरडले.

भिस्ती पुढे झाला. त्याने टाळूला जीभ लावून टचकारा केला. बैल चालू लागला आणि शेजारच्या दारी थांबला. पुन्हा टचकारा, पुढचे दार.

"वकीलसाब, ह्यो माझाच हाय की!" भिस्ती माझ्याकडे वळून म्हणाला.

पुढाऱ्यांनी माडीकडे बोट केले. "त्या बाईनं दिला. चोरीचा हे मला काय माहीत?"

ती कठड्याशी उभी होती. "व्हय, मीच दिला. तुमीच म्हणालता न्हवं, भिस्त्याचा बैल माझ्या दावणीला शोभंल? आता बाई म्हणताय व्हय मला?"

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले. चौकशीला बसलेल्या पंचांनी ऐकले नाही. बाईला शिक्षा झाली, भाऊ निसटला, आणि ज्याने माल चोरीचा आहे हे जाणून तो मागून घेतला, तो निर्दोष ठरला. प्रीतीत मागितले म्हणजे कायद्यात मागितले नाही, असे कोणत्या कलमात लिहिले आहे?

मी दरबारास अर्ज केला. उत्तर आले की आरोपी स्त्रीचे बोलणे ग्राह्य नाही. मी पुन्हा लिहिले: ती आरोपी असेल, मी नाही, माझी साक्ष घ्या. त्या अर्जावर भिस्त्याचा अंगठा मागितला, तेव्हा बैलाच्या मानेवरून हात फिरवीत तो म्हणाला, "जनावर घावलं की, साहेब. ऱ्हायचं हितंच हाय मला."

त्याचे खोटे नव्हते. म्हणून पुढचे सर्व अर्ज माझ्या एकट्याच्या सहीने गेले. दरसाल बेंदूर आला की एक जातो. यंदाचाही गेला आहे.