बॉनेटवर उघडलेले डोळे

हाल्गाइरच्या रंगाच्या दुकानात शिरायचं तर तोंडाचं क्रीम पुसून आणि केसांचा स्प्रे धुऊन शिरायचं, हे ग्लोमा नदीच्या काठच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गाडीच्या रंगाचा एक नंबरचा वैरी म्हणजे सिलिकॉन, आणि तो कशात लपलेला असेल याचा नेम नाही. त्यामुळे हाल्गाइर सगळ्यांवरच संशय घ्यायचा. त्याची बायको बोर्गहिल्ड लग्नात केसांना काही न लावता उभी राहिली होती, कारण दुसऱ्याच दिवशी त्याला डॉक्टरांची गाडी रंगवायची होती. नवरीचे केस सुटून सूपमध्ये लोंबले, पण डॉक्टरांची गाडी आरशासारखी निघाली. लग्नातल्या फोटोंपेक्षा त्या गाडीचे फोटो त्यांच्या घरात जास्त आहेत, असं बोर्गहिल्ड येईल त्याला सांगायची.

तीही काही कमी नव्हती. शाळेची बस चालवण्यात तिचा जन्म गेला होता, त्यामुळे आवाज मागच्या सीटपर्यंत पोचेल असाच. गेल्या वसंतात ती निवृत्त झाली आणि तेव्हापासून तिचं एकच टुमणं होतं. डोंगरात त्यांचं लाकडी घर होतं. नाताळ आटोपला की तिथं जावं, ईस्टरपर्यंत राहावं, सकाळी स्की घालून निघावं, दुपारी पायरीवर उन्हात बसून संत्री सोलावीत.

"जाऊ ना," हाल्गाइर म्हणायचा. "एवढी एक गाडी झाली की."

"तुझी एक गाडी म्हणजे मारुतीचं शेपूट आहे," असं आपल्याकडच्या एखादीनं सुनावलं असतं. बोर्गहिल्डला मारुती कुठला माहीत! ती म्हणायची, "मी मेल्यावर ये सावकाश. शवपेटीला दोन हात मारून ये." आणि बटाट्यांचं भांडं दाणकन टेबलावर ठेवायची.

एक गोष्ट मात्र तिला खरोखर बघवत नसे, ती म्हणजे त्याचे हात. थंडी उणे वीसच्या खाली गेली की त्याच्या बोटांना चिरा पडायच्या, त्यातून रक्त यायचं, आणि हा बाबा त्यावर चिकटपट्टी गुंडाळून कामाला लागायचा. क्रीम? नाव काढायची सोय नव्हती. तिच्या पाठीवरून प्रेमानं हात फिरवला तरी स्वेटरची लोकर निघून यायची. नोकरी होती तोवर तिला ते रात्रीपुरतं दिसे. यंदा घरी बसल्यावर दिवसभर दिसायला लागलं. शेवटी ती तालुक्याच्या गावी औषधांच्या दुकानात गेली. तिथल्या मुलीनं एक ट्यूब दिली. वास नाही, चिकटपणा नाही, लावलं की कातडी रेशमासारखी.

आता लावायचं कधी, हा प्रश्न नव्हताच. दुपारी चार-साडेचारला जेवण झालं की हाल्गाइर सोफ्यावर आडवा व्हायचा. पोटावर वर्तमानपत्र, तोंड उघडं, घोरण्यानं खिडकीची काच थरथरायची. त्या झोपेत घराला आग लागली असती तरी त्यानं कूस बदलली नसती. बोर्गहिल्ड शेजारी स्टूल घेऊन बसायची आणि एकेक बोट हलकेच चोळून द्यायची. मग तो उठायचा, कॉफी घ्यायचा, आणि परत दुकानात जायचा. रंग मारायची खोली दिवसभर तापून तयार असायची, म्हणून हिवाळ्यात रंग मारायचा तो संध्याकाळीच.

"बघितलंस?" नाताळाच्या सुमारास तो तिच्यासमोर पंजे नाचवत म्हणाला. "एक चीर नाही यंदा! कॉड माशाचं तेल. रोज चमचाभर. तू ऐकत नाहीस माझं."

"हो ना, चुकलंच माझं," बोर्गहिल्ड म्हणाली आणि हसू लपवायला सिंककडे वळली.

जानेवारीत औडून आला. थंडी पडल्यापासून दुकानात नुसती ठोकाठोक आणि घासकाम चाललं होतं, रंग मारायची ही पहिलीच गाडी. औडून म्हणजे गावातले रस्ते यंत्रानं साफ करणारा, बर्फाइतकीच बडबडही उडवत जाणारा गडी. त्याच्या वडिलांची जुनी व्होल्वो त्यांच्या माघारी गोठ्यात पडून होती. औडूननं गंज कापून पत्रे जोडले होते, आता रंग हवा होता. फिकट निळा, वडिलांच्या वेळचा.

"म्हातारा वरून बघत असणार, हाल्गाइर. बिघडवलास तर त्याच्या शिव्या तू खा."

"तुझा बाप जिवंतपणी मला शिव्या द्यायला घाबरायचा," हाल्गाइर म्हणाला. "ठेव गाडी आणि नीघ."

पहिला रंग मारला त्या संध्याकाळी तो दुकानातून परत आला तो तोंड पांढरंफटक करून. "डोळे आलेत," एवढंच म्हणाला.

माशाचे डोळे! रंगाऱ्याच्या धंद्यातलं सगळ्यांत नकोसं दुखणं. ओला रंग पडतो न पडतो तोच जागोजागी मागं सरतो आणि बारीक गोल खड्डे उघडतात, मधे खालचा थर दिसतो. बॉनेटवर, टपावर, दारांच्या वरच्या अंगाला नुसते डोळेच डोळे होते. हाल्गाइरनं सगळा रंग घासून काढला आणि तपासाला लागला. कॉम्प्रेसरमधून पाणी येत असेल म्हणून गाळण्या बदलल्या. कडाक्याच्या थंडीतून आत आणलेल्या पत्र्याला घाम सुटला असेल म्हणून गाडी आत ठेवून चांगली तापवली. मग औडूनला बोलावून फैलावर घेतलं.

"दारांच्या रबराला काय फवारलंस?"

"म्हणजे काय, सिलिकॉन. सगळेच फवारतात. नाहीतर सकाळी दार गोठून बसतं, आणि मी काय खिडकीतून शिरू?"

"गाढवा! रंगायला आणायच्या गाडीला?"

"गाडी गोठ्यात होती रे बाबा! मी माझ्या रोजच्या गाडीला फवारलं. या गाडीला रबरंच नाहीत, बघ की!"

खरंच नव्हती. हाल्गाइरनं तरी सगळी गाडी पुन्हा पुन्हा धुतली, पुसली, परत रंग मारला. परत डोळे! रंग बनवणाऱ्या कंपनीला फोन केला तर पलीकडच्या माणसानं अदबीनं विचारलं, की आपलं वय काय? हाल्गाइरनं फोन आपटला, आणि मग बराच वेळ त्याच्याकडेच बघत बसला.

कारण म्हातारपणी हात फसेल ही भीती त्याच्या मनात आधीपासूनच होती. नदीपलीकडे तुर्मोड नावाचा रंगारी होऊन गेला. हाल्गाइर त्याच्याच हाताखाली शिकलेला. काय हात होता त्याचा! पण म्हातारपणी एका गाडीवर त्याचा रंग ओघळला आणि त्यानं दुकान बंद केलं. आजही तुर्मोडचं नाव निघालं की लोक ती ओघळलेली गाडीच सांगतात, आधीच्या सगळ्या जणू कुणी रंगवल्याच नव्हत्या. हाल्गाइर बोर्गहिल्डला म्हणाला, "एकदा शेवटचं मारतो. याही वेळी डोळे आले तर हात गेला म्हणायचा. बंद करून टाकतो."

बोर्गहिल्डच्या मनात काय आलं? खोटं कशाला बोलायचं, तिला आधी आनंदच झाला. डोंगर, पायरी, संत्री, सगळं डोळ्यांपुढे आलं. मग तिला स्वतःची लाज वाटली आणि ती उगाच ओटा पुसत बसली.

तिसऱ्या वेळी ती स्वतः दुकानाच्या दारात उभी राहिली. डोळे उघडत गेले तसतसा हाल्गाइर लहान होत गेला. त्यानं स्प्रे गन खाली ठेवली, उपड्या बादलीवर बसला, थोड्या वेळानं "गेला हात" म्हणाला आणि कोट न घालताच घराकडे चालू लागला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती.

ती तिथंच थांबली. रागानं म्हणा, कीव येऊन म्हणा, तिनं चष्मा पुसला आणि त्या मेल्या डोळ्यांकडे बारकाईनं बघायला सुरुवात केली. बघता बघता तिच्या लक्षात आलं, की हे वाटेल तिथे उठलेले नाहीत. यांच्या रांगा आहेत. चार रांगा शेजारी शेजारी, लांबच लांब, पुढून मागे गेलेल्या. आणि दारांच्या खालच्या अंगाला? तिथं एकही डोळा नव्हता, रंग तुळतुळीत होता. खाली वाकायला हाल्गाइरचे गुडघे हल्ली तयार नसत.

चार रांगा म्हणजे चार बोटं, आणि वाकता येत नाही तिथवर ती पोचलीच नव्हती, हे तिच्या लगेच ध्यानात आलं. धुणं झालं, पुसणं झालं, की रंग मारायच्या आधी हाल्गाइर गाडीवरून उघडा तळवा फिरवायचा. तुर्मोडनं शिकवलेली सवय होती ती. नजरेला न दिसणारा खडा हाताला कळतो, असं म्हणून तो डोळे मिटून, घोड्याला थोपटावं तसा सावकाश हात फिरवत जायचा. आणि हात धुवायचे ते त्याच्या आधी कधी? कामावरून आल्यावर, जेवणापूर्वी. झोपून उठलेल्या माणसाचे हात कशाला मळतील?

कोपऱ्यात एक जुना पत्रा पडला होता. तो तिनं धुऊन पुसून कोरडा केला. ॲप्रनच्या खिशातली ट्यूब काढून तळव्याला क्रीम चोळलं, अगदी दिसेनासं होईपर्यंत, आणि पत्र्याच्या अर्ध्या भागावरून हात फिरवला. मग स्प्रे गन उचलली. बस हाकणारीला स्प्रे गनचं काय कौतुक! रंग पडला. एक अर्धा भाग सपाट राहिला. दुसऱ्यावर एकेक करून डोळे उघडले.

"अगं बाई," बोर्गहिल्ड रिकाम्या दुकानात मोठ्यानं म्हणाली.

घरी परतताना ती मुद्दाम हळू चालली. कुणाला काही ठाऊक नव्हतं. ट्यूब चुलीत टाकली की विषय संपला असता. ज्यासाठी ती महिनोन्महिने डोकं फोडत होती ते आपसूक पदरात पडत होतं, आणि तेही न भांडता. गप्प बसायचं, बस. घराच्या खिडकीतून तिला हाल्गाइर दिसला. फोन हातात घेऊन तो औडूनला काय सांगायचं याची तालीम करत होता. ओठ हलत होते. मधेच थांबून त्यानं उजवा हात दिव्याखाली धरला आणि उलटसुलट करून बघितला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

ते बघून तिला रडूच आलं. ती आत गेली, तो पत्रा टेबलावर ठेवला आणि शेजारी ट्यूब ठेवली.

"फोन ठेव. हात तुझा गेलेला नाही. मी क्रीम लावत होते त्याला. तू झोपल्यावर."

हाल्गाइरनं पत्र्याकडे बघितलं, ट्यूबकडे बघितलं. मग त्याचा चेहरा लाल होत गेला.

"कॉड माशाचं तेल नव्हतं ते?"

"नव्हतं."

"माझ्या घरात! सिलिकॉन! माझ्याच हातांवर!"

"ओरड. काय ओरडायचं ते ओरडून घे. रक्त यायचं तुझ्या बोटांतून, मला नाही बघवलं."

तो ओरडला, चांगलंच ओरडला. शेजारच्या कुत्र्यानंही त्याला साथ दिली. पण ओरडता ओरडता त्याला हसू यायला लागलं, आणि डोळेही ओले झाले. पत्रा उचलून तो ते खड्डे असे न्याहाळू लागला, जणू त्याहून सुंदर काही त्यानं पाहिलंच नव्हतं. मग एकदम त्याच्या ध्यानात आलं.

"तू बोलली नसतीस तर मी बंदच करणार होतो."

"माहीत आहे."

"आपण डोंगरात गेलो असतो. उद्याच."

"माहीत आहे म्हटलं ना."

"मग बोललीस का?"

बोर्गहिल्डनं खुर्ची ओढली आणि बसली. "म्हातारा नवरा मला चालेल, हाल्गाइर. हरलेला नवरा घरात वागवायचं मला जमणार नाही. जा, घासून काढ तो रंग. कॉफी मी गरम ठेवते."

चौथ्या वेळी त्यानं हात साबणानं इतके चोळून धुतले की चिरा परत उघडल्या. तळवा मात्र तसाच उघडा फिरवला. त्या बाबतीत तो ऐकणाऱ्यांतला नव्हता. तासाभरानं त्यानं तिला दुकानात बोलावलं. औडूनच्या बापाची गाडी दिव्यांखाली उभी होती, फिकट निळी आणि ओली. बोर्गहिल्डनं चष्मा लावून टपापासून खालपर्यंत बघितलं. एक डोळा सापडेना.

"झालं तुझ्या मनासारखं," ती म्हणाली. "आता कर आणखी दहा वर्षं. मी काही बोलणार नाही."

"सोडावं म्हणतो," हाल्गाइर म्हणाला.

"आता? अरे, आता कशाला? आता तर इतकी झकास निघाली आहे!"

"म्हणूनच. लोक तुर्मोडची शेवटचीच गाडी सांगतात. माझी ही सांगू देत."

बोर्गहिल्डनं त्याचा फाटका हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि रंग सुकेपर्यंत दोघं तिथंच उभी राहिली.