बत्तीस कंबर

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी लष्करातला हवालदार म्हणून रत्नागिरीच्या एका लहानशा प्रशिक्षण तुकडीत रुजू झालो. बराकीत शेजारची खाट हवालदार गोविंदची. संगमेश्वरकडचा शेतकरी घरातला माणूस. पोस्टिंग घराजवळ मिळाल्याने गडी खुशीत होता. तीन वेळा भात आणि दुपारी झोप. हातपाय काटकुळे, पोट मात्र बेल्टवरून बाहेर आलेलं.

दर सहा महिन्यांनी आमची उंची आणि वजन मोजत. भिंतीवर एक तक्ता होता. उंचीसमोरचं वजन बघायचं, की संपली डॉक्टरकी. माझे खांदे आणि मांड्या तालमीतल्या, त्यामुळे मी तक्त्यापेक्षा नऊ किलो जास्त. मेजरसाहेबांनी लाल शाईने 'ओव्हरवेट' लिहिलं आणि रोज संध्याकाळी जादा पीटी लावली. गोविंद तक्त्यात चपखल बसला. तो फिट. हा तक्ता करणाऱ्याने आयुष्यभर तांदळाची पोतीच जोखली असणार, असं मी तेव्हाही म्हणायचो.

छाती मोजताना आम्ही श्वास भरून पोट आत ओढायचो. पोट कोणी मोजतच नसे. कंबर विचारायचा तो फक्त शिंपी, आणि त्याला भरतीच्या वेळचं माप सांगायचं, ही आमची जुनी खोड. विसाव्या वर्षी बत्तीस, तर चाळिशीतही बत्तीस. मग पँट पोटाखाली बांधून हिंडायचं.

गोविंदची नायब सुभेदारीची बढती तोंडावर आली होती. धावण्याची टेस्ट तेवढी बाकी. नापास झाला तर पेन्शन घेऊन घरी. टेस्टच्या आधीच त्याने बाजारातल्या अण्णा शिंप्याकडे नवा युनिफॉर्म टाकला. मी बरोबर होतो.

"कंबर?"

"बत्तीस."

अण्णाने तरीही टेप लावली. "अडतीस हाय. गेल्या साली पस्तीस व्हती. हातपाय वाळतायत नि पोट सुटतंय, ह्ये बरं नाय हां. माजे वडील असेच गेले. डॉक्टरला दाखवा."

"तू बत्तीसची शिव," गोविंद म्हणाला.

"सुई धरणाऱ्याने नाडी बघू नये, अण्णा," मी म्हणालो आणि मोठ्याने हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

टेस्ट भाट्ये किनाऱ्यावर होती. सकाळी सहा वाजता शिट्टी झाली. शेवटच्या टोकाला मेजरसाहेब वायरलेस सेटवाल्या शिपायाला घेऊन उभे. अर्ध्या वाटेवर माझ्या शेजारी धावणारा गोविंद छाती चोळू लागला.

"काय होतंय?"

"पित्त झालंय."

"थांब."

"थांबलो तर घरी जाईन."

सहा वाजून बारा मिनिटांनी तो तोंडावर पडला. सेट धरलेला शिपाई धावत आला. मी हँडसेट घेऊन तळाला हाक दिली.

"एक माणूस खाली. गाडी पाठवा. ओव्हर."

"नाव सांगा. ओव्हर."

"हवालदार गोविंद. लवकर. ओव्हर."

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

"हार्ट अटॅक," डॉक्टर म्हणाले. "वजन किती होतं?"

"अगदी तक्त्याप्रमाणे," मेजरसाहेब अभिमानाने म्हणाले.

"आणि पोटाचा घेर? चरबी पोटावर साठली की हृदयाला धोका जास्त, मग वजन काही का असेना."

साहेबांनी फाइलची पानं उलटली. छाती होती, उंची होती, बुटांचा नंबरसुद्धा होता. साहेबांना शोधू दिलं. आकडा मला माहीत होता.

दुपारी अण्णा नवा युनिफॉर्म घेऊन आला. आम्ही तो गोविंदला चढवला. बत्तीसची पँट, हुक लावायला दोघे लागतील म्हणून मी एकाला हाक मारली. गरज पडली नाही. हुक सहज लागला. अण्णाने अडतीसची शिवली होती.

"खोटं माप शिवायला हात धजला नाय," तो म्हणाला.

तुकडीत मेजर होते, तक्ता होता, वजनकाटा होता. गोविंदचं खरं माप घेतलं ते एका शिंप्याने. मी त्याच्या शेजारच्या खाटेवर वर्षभर झोपलो होतो.