कच्चं हाड, रांधलेलं हाड

आमच्या तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात मी ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. अशा जागी पंधरा वर्षं काढली की किस्से शोधावे लागत नाहीत, गोचिडांसारखे आपले आपण चिकटतात. लोक म्हणतात, सांगा, हसू द्या. हसा बापडे. माझं मात्र सांगताना अजून डोकं फिरतं.

*

राज्य तेव्हा मराठी-गुजराती असं द्विभाषिक होतं. मुंबईहून नवे डॉक्टरसाहेब आले आणि डिग्री काचेत मढवून खुर्चीमागे टांगली.

पहिल्याच आठवड्यात कळसाडीचे एक गुजर पाटील कुत्रा घेऊन आले. कुत्रा जेवत नव्हता. साहेबांनी इंग्रजी पुस्तक उघडून खुराक लिहून दिला : मटणाचं सूप, रोज दोन अंडी.

पाटलांनी चिठ्ठी घडी करून टेबलावर परत ठेवली. "डाक्टर, आमना घरमा अंडं चालत नही. आते कुत्राले बाहेर काढू का मी बाहेर पडू?"

*

मी फायनल, म्हणजे सातवी पास. कुत्र्यांची हौस. एकदा साहेबांना विचारलं, "कुत्र्याच्या खाण्यापिण्याचं शिक्षण कुठे मिळतं? मला शिकायचंय."

"तसला कोर्सच नाही. आमच्या कॉलेजातही सगळं गाय, म्हैस, घोडा. कुत्र्याचा आहार म्हणजे अर्धं पान."

"मग तुम्ही?"

"मी ते अर्धं पान वाचलंय."

आणि हे छाती काढून सांगितलं!

*

माणसाला चावलेली कुत्री दहा दिवस नजरेखाली ठेवायला आमच्याकडे मागे पिंजरे होते. त्यांना खाऊ घालायला मोलगीकडचा फुलजी पावरा होता, रोजंदारीवर. घरी पावरी बोलायचा, आमच्याशी अहिराणी. आधी पिंजऱ्यातली घाण बघायचा, मग भाकर ताकात कुस्करायची की नुसत्या पाण्यात, ते ठरवायचा. हाडं निघालेलं कुत्रं दहा दिवसांत बाळसं धरायचं.

म्हसावदचे एक मास्तर आपलं कुत्रं न्यायला आले, बघतच राहिले. म्हणाले, "आता हे पुन्हा कोणाला चावलं तरी चालेल."

*

जिल्ह्याहून हुकूम आला, पाळीव कुत्र्यांच्या आहारावर पुस्तिका काढा. अर्ध्या पानाची पुस्तिका कशी होणार? साहेबांनी तीन दिवस फुलजीला समोर बसवून विचारलं. मी लिहून घेतलं.

छापून आली तेव्हा वाचली. फुलजी म्हणाला होता, हाड कच्चं द्यायचं, रांधलेलं कधीच नाही. पुस्तिकेत होतं, 'हाड नेहमी शिजवून द्यावे.' वर साहेबांचं नाव, खाली डिग्री. फुलजीचं नाव कुठेच नाही.

मी भांडायला गेलो. साहेब म्हणाले, "तो अडाणी उलटं बोलला, मी सुधारलं. तुम्ही पट्ट्या बांधा."

तेव्हाच राजीनामा तोंडावर फेकायला हवा होता. नाही फेकला. तो राग माझा माझ्यावर आहे.

*

मग पिंजऱ्यांवर कायमची जागा निघणार असं ठरलं. अट चौथी पास. रोजंदारी कधीही तुटायची, म्हणून फुलजीला ती जागा हवीच होती. दोन वर्षं तो प्रौढांच्या वर्गात गेला, पोरांच्या रांगेत बसून चौथीचा पेपर दिला, पास झाला. ती पुस्तिका त्याने वाचायला घेतलेलं पहिलं पुस्तक.

जागा निघाली तेव्हा मुलाखतीला साहेब आणि जिल्ह्याचे दोघे; कागद द्यायला मी. प्रश्न पुस्तिकेतून.

"कुत्र्याला हाड कसं द्यावं?"

"कच्चं. रांधेल हाडूक फुटस, तोंडमा आडकस."

"चूक. पुस्तिका वाचली नाही?"

"वाचेल शे साहेब. तठे चुकेल शे."

साहेब माझ्याकडे न बघता लिहीत होते. शेरा मी नंतर फाइलीत वाचला : 'उमेदवारास विषयाचे ज्ञान नाही.' जागा एका सातवी पासाला मिळाली. तो कुत्र्याला भ्यायचा. आणि फुलजीची रोजंदारीही गेली, कारण आता कायमचा माणूस होता ना!

*

साहेबांच्या घरी अल्सेशियन होता. जेवण पुस्तिकेप्रमाणे. एका सकाळी त्याचा जबडा मिटेना, लाळ थांबेना, जवळ जाईल त्याला फाडायला उठे. साहेबांचा हात त्याने फोडला. मी पट्टी बांधली.

साहेब म्हणाले, "फुलजी कुठे असतो?"

बाजाराचा दिवस होता. कुत्र्याला मागे साखळीने बांधून साहेब आणि मी जीपने मोलगीला गेलो. फुलजी आमचूर विकत बसला होता. मला वाटलं, आता तो तोंड फिरवील. फिरवलं असतं तर मी खुशीने त्याच्या पाया पडलो असतो.

त्याने कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं. कुत्रा गुरगुरला नाही. फुलजीने दोन बोटं आत घातली, दाढांमध्ये आडवं अडकलेलं हाड काढलं, धोतराला पुसलं आणि साहेबांच्या पट्टी बांधलेल्या हातावर ठेवलं.

"साहेब, हाई रांधेल शे."