आमच्या घराची कायदेशीर झडती

पोलिसांनी आमच्या घराची झडती घेतली ती अगदी कायदेशीर होती, आणि ती तशी व्हावी म्हणून मीच भांडले होते.

झालं असं, की सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गोदामातून हळदीची पोती चोरीला गेली. त्याच दिवशी पहाटे आमच्या ह्यांना (हे लष्करातून निवृत्त, वाणसामानसुद्धा कवायतीत आणतात!) खांद्यावर पोतं घेऊन घरात शिरताना शेजारच्या शेवंताक्कांनी पाहिलं म्हणे. पोतं? आमच्या घरात? मला तर काहीच ठाऊक नव्हतं! आक्का धडधडीत खोटं बोलतात, अशी माझी खात्री झाली. आमची गल्लीतली अब्रू पणाला लागली होती, आणि मी ह्यांना काही विचारणार तेवढ्यात फौजदार दारात!

"काकू, घर जरा बघून घेतो आन् जातो," फौजदार म्हणाले.

"असं कसं?" मी उंबऱ्यात आडवी. बचत गटाच्या शिबिरात एक वकीलबाई नुकतंच झडतीच्या कायद्याचं सगळं सांगून गेल्या होत्या आणि ते ज्ञान वापरायची संधी आपल्या पायांनी चालत आली होती! "आदी गल्लीतले दोन पंच बोलवा. लेडी कॉन्स्टेबल आणा. आन् सगळ्याचं मोबाईलवर शूटिंग करा. नवीन कायदा हाय!"

"अगं, बघू दे की त्यास्नी गुपचूप," हे कळवळून म्हणाले.

"तुमी गप बसा! सीमेवर छाती काढून उभं ऱ्हायला, आन् घरात घाबरताय व्हय?"

हे डोळ्यांनी खुणा करू लागले. पण माझ्या अंगात वकीलबाई संचारली होती. खुणा कोण बघतो!

फौजदार भला माणूस. त्यांनी लेडी कॉन्स्टेबल बोलावली आणि शूटिंगचं काम तिच्याकडे दिलं. मग मी म्हटलं, "आत यायच्या आदी तुमची झडती द्या! खिशातनं हळद आणून हितं टाकली तर?" बिचाऱ्यांनी खिसे उलटे केले. एक रुमाल आणि आल्याच्या वड्या निघाल्या. जमलेल्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मला काय चेव चढला म्हणून सांगू!

पंच म्हणून चक्कीवाले बापू आले. दुसरं नाव मी मुद्दाम शेवंताक्कांचं सुचवलं. "या आक्का, डोळं उघडून बघा!"

स्वयंपाकघर झालं, कपाट झालं, माळा झाला. चोरीच्या हळदीचा कण नाही! मी प्रत्येक ठिकाणी मोबाईलसमोर जाऊन भाषण देत होते. राहता राहिला पलंग. हे मटकन खुर्चीत बसले.

"हितलं बी शूटिंग घ्या!" म्हणत मीच चादर वर केली.

पलंगाखाली पोतं होतं! फौजदारांनी पोत्याचं तोंड सोडलं आणि आतून निघाले कैरीच्या लोणच्याचे डबे. कारखान्याचं लेबल लावलेले, सीलबंद!

आता सांगायलाच हवं. दर उन्हाळ्यात मी गल्लीत घरोघर 'माझ्या हातचं' लोणचं बरणीतून वाटते. शेवंताक्का कित्येक वर्षं त्याची कृती मागताहेत आणि मी म्हणते, "कृतीचं न्हाई ओ, हाताला चव लागती!" डबे दरसाल हे कुणाला न दिसता आणून ठेवतात; यंदाचे त्याच पहाटे पोत्यातून आलेत, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

"हळद न्हाई. काकू निर्दोष!" फौजदारांनी जाहीर केलं. पण ऐकतंय कोण?

"ह्योच व्हय गं तुझा हात?" आक्कांनी डबा मोबाईलसमोर धरून लेबल मोठ्यानं वाचलं.

"आन् ह्या लोणच्यापायी मी बायकूला नावं ठिवली की ओ!" बापू कपाळावर हात मारून ओरडले.

"आवं बाई, बंद करा ते शूटिंग!" मी रडकुंडीला आले.

"मदीच बंद करता येत न्हाई, काकू," कॉन्स्टेबल गोड हसली. "कायदा हाय."

लाज तर विचारूच नका. मी फौजदारांना हळूच म्हटलं, "साहेब, गप बसायचा बी हक्क असतोय म्हणं. मला हाय का?"

"हाय की, काकू," ते म्हणाले. "सकाळपास्नं तेवढाच तुमी वापरला न्हाई!"