तोफ वाजली की जेवायचं

बहरीनच्या सनद गावातल्या कॉर्नेलियस डाबरेला घाई करताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. मूळचा वसईचा हा माणूस मनामातल्या एका हॉटेलात चादरी-टॉवेलांचं खातं सांभाळायचा. लाँड्रीतल्या पोरांची धावपळ चाललेली असली, तरी हा आपला इस्त्रीच्या वाफेत शांतपणे उभा. बायको नॅन्सी सलमानियाच्या इस्पितळात नर्स होती. ती म्हणायची, "घराला आग लागली तर आमचे साहेब आधी चपला शोधतील." अशा माणसाच्या गळ्यात रीम पडावी! देवालाही कधीकधी थट्टा सुचते, ती अशी.

रीम म्हणजे घरमालक हाशिमची काळीभोर लॅब्रडॉर कुत्री. हाशिम वरच्या मजल्यावर राहायचा. थंडी पडली की तो आणि त्याचे चुलतभाऊ मोरोक्कोला पक्ष्यांच्या शिकारीला जायचे. बंदुकीनं पाडलेला पक्षी दात न लावता उचलून हातात आणून देणारं स्वतःचं कुत्रं असावं, ही त्याची फार दिवसांची हौस होती. म्हणून पिल्लू आणलं खरं, पण त्याची म्हातारी आई खदिजा दिवसभर नमाजात आणि जपात असायची. कुत्रं वर नको, असं तिनं सांगितलं आणि तो विषय संपला. मग पिल्लू खाली अंगणात राहू लागलं, आणि अंगणात दार उघडायचं ते डाबऱ्यांचं.

एका संध्याकाळी अंगणात चहा पिताना कॉर्नेलियस बोलून गेला की, वसईच्या खाजणात त्याचा पास्कूमामा बदकांची शिकार करायचा, मामाच्या कुत्र्याला तयार करताना आपण होतो, आपल्याला सगळं ठाऊक आहे. होता तो, हे खरंच. पण त्याचं काम काय, तर मामाची पिशवी धरायची. जिभेला काय हाड असतं?

हाशिमनं पेला खाली ठेवला. "खलास," तो म्हणाला, म्हणजे ठरलं. "तो फिर तुम सिखाओ."

झालं. आता मागे कसं फिरायचं?

रीमला शिकवायचं म्हणजे तिला आधी एका जागी उभं करायचं, आणि तिथंच सगळं घोडं पेंड खायचं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसला तिचा प्रकार. फेकलेली वस्तू तर ती आणायचीच, पण न फेकलेलीही आणायची. शेजाऱ्याची चप्पल आणायची, दोरीवरचा नॅन्सीचा युनिफॉर्म आणायची, एकदा तर गल्लीतून कुणाचा तरी अख्खा खुबूस, म्हणजे तिथली जाड रोटी, घेऊन आली आणि शेपटीनं कुंडी पाडत कॉर्नेलियसपुढे उभी राहिली. "आणलं की नाही?" असा चेहरा. तिला रागवायचं तरी कसं? चोर ती नव्हतीच, तिला नुसती मदत करायची हौस होती. एवढंच की ती मदत कुणाला नको असायची.

नॅन्सीनं हॉटेलातल्या बाद टॉवेलांच्या गुंडाळ्या शिवून दिल्या. ती झाली खोटी बदकं. कॉर्नेलियस गुंडाळी फेकायचा, रीमच्या छातीवर हात ठेवून "थांब" म्हणायचा आणि आपणही थांबायचा. रीमचं सगळं अंग थरथरायचं. मग "आण" म्हटलं की बंदुकीच्या गोळीसारखी सुटायची. जोरजबरदस्ती नाही, मार नाही, आरडाओरडा नाही. त्याच्या त्या गाजलेल्या संथपणाचा उपयोग आयुष्यात पहिल्यांदाच दिसत होता. नॅन्सीला हे पटत होतं, पण तोंडानं कबूल करेल तर ती नॅन्सी कसली.

मग आला रमजान. त्या वर्षी रमजान आणि ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ एकाच सुमारास लागले. वर हाशिमकडे दिवसभर पाणीसुद्धा नाही, खाली नॅन्सीनं मटण-कोंबडी बंद केलेली. सगळ्या घरात भरपेट खाणारी एकटी रीम.

कॉर्नेलियसला मामाचं एक वाक्य पक्कं आठवत होतं. बंदुकीला एकदा भ्यालेलं कुत्रं जन्मभर भितं, म्हणून बंदुकीच्या आवाजाची ओळख जेवणाबरोबर करून द्यावी. आवाज गोड वाटला पाहिजे. पण बंदूक आणायची कुठून? बहरीनमध्ये ती काय बाजारात मिळते? आणि तेवढ्यात त्याच्या डोक्यात उजेड पडला. रमजानात रोज सूर्य बुडताना रिफाच्या किल्ल्यापाशी उपास सोडायची तोफ उडते. सरकारी तोफ, ठरलेली वेळ, फुकटचं शिक्षण.

मग काय विचारता! ड्युटी संपली की हा रीमला गाडीत घालून किल्ल्याकडे. लेकराबाळांची गर्दी तोफेभोवती, हा आपला लांब, गाड्या उभ्या असत त्याच्याही पलीकडे, मांडीवर डबा घेऊन. धडाम् झालं की अजान सुरू व्हायची, लोक खजूर तोंडात टाकायचे आणि कॉर्नेलियस डब्याचं झाकण उघडायचा. आत उकडलेली कोंबडी. पहिल्या दिवशी रीम गाडीखाली शिरली. पुढे पुढे ती तोफेची वाट बघायला लागली. महिना संपेपर्यंत तो थोरला धडाका ऐकून ती शेपटी हलवायला लागली, आणि कॉर्नेलियसची छाती अशी फुगली की चर्चमध्ये ओस्विन नावाच्या दोस्ताला त्यानं हे सगळं दोनदा ऐकवलं. आपण केवढा मोठा घोळ घालून ठेवलाय, याची त्याला गंधवार्ताही नव्हती.

ईद झाली. पाहुणे-रावळे आटोपल्यावर हाशिमनं बुदय्याच्या बाजूला आपल्या खजुराच्या बागेत सगळ्या चुलतभावांना बोलावलं. एकानं शाळेच्या शर्यतीत वाजवतात ते पिस्तूल पैदा केलं होतं. ठरलं असं की, बार काढायचा, गुंडाळी उंच उडवायची, रीमनं ती कुठं पडते ते बघून आणायची.

बार निघाला. गुंडाळी खजुरांच्या शेंड्यांवरून भिरभिरत गेली. रीमनं वर मानही केली नाही. ती गर्रकन फिरली, धावत कॉर्नेलियसपाशी आली, त्याच्या पायाशी टुणकन बसली आणि त्याच्या हातातल्या पिशवीकडे बघायला लागली. तोंडातून लाळेची धार लागलेली.

पुन्हा बार, पुन्हा लाळ.

चुलतभाऊ पोट धरून हसत होते. "ये तो इफ्तार करने आयी है," एकजण म्हणाला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तशी कॉर्नेलियसची गत. त्यानं पिशवी पाठीमागे लपवली. हाशिम मात्र हसला नाही, आणि तेच वाईट होतं. भावांसमोर त्याची शोभा झाली होती. घरी परतताना गाडीत तो सरळ म्हणाला, मोरोक्कोला निघेपर्यंत ही तयार झाली तर माझी. नाही झाली तर चुलतभावाच्या भंगाराच्या आवारात राखणीला कुत्रं हवंच आहे, तिकडे देईन.

कॉर्नेलियसनं ते आवार पाहिलेलं होतं. उन्हात तापलेले पत्रे, सावली नाही, आणि दाराशी साखळी. ज्या जनावराला दिवसभर कुणाला तरी काहीतरी नेऊन द्यायचं असतं, ते साखळीला बांधल्यावर काय करेल? नुसतं भुंकेल, आणि भुंकून भुंकून वेडं होईल. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

"मग आपणच मागून घेऊ ना तिला," असं नॅन्सी म्हणाली नाही. कारण ते दोघांनाही ठाऊक होतं. डिसेंबरात त्याची नोकरी संपत होती, दोघं कायमची वसईला जाणार होती. तिथं मुलाच्या घरी राहायचं आणि नातवाला दमा. डॉक्टरांनी घरात मांजरसुद्धा नको म्हणून बजावलेलं. म्हणजे रीमपुढे वाटा दोनच, एक हाशिम, नाहीतर ती साखळी.

"कॉर्नी," नॅन्सी म्हणाली, "तूच बिघडवलंस, तूच नीट कर."

शिकवलेलं विसरायला लावणं शिकवण्यापेक्षा अवघड, हे कुठल्याही मास्तराला विचारा. उन्हाळाभर तो भल्या पहाटे, वाळू तापायच्या आत, रीमला समुद्राकाठी न्यायचा. दोन फळ्या एकमेकींवर आपटायचा. रीम धावत यायची, लाळ गाळत बसायची. हा खांबासारखा उभा. हातात डबा नाही, पिशवी नाही, नजरसुद्धा नाही. ती पंजानं त्याचा पाय खरवडायची, कुईकुई करायची. जेवण आता घरी, गुपचूप, भांड्याचासुद्धा आवाज न करता मिळायचं. नॅन्सीनं तर स्वयंपाकघरात ताटल्यांखाली फडकी घातली. वाजलेल्या चमच्यावरून त्या घरात दोनदा भांडण झालं.

पुष्कळ दिवस पालथ्या घड्यावर पाणी. मग एका पहाटे फळ्या वाजल्या आणि रीम आली नाही. ती होती तिथंच बसली आणि वैतागून दुसरीकडे बघू लागली. कॉर्नेलियसनं त्याच क्षणी गुंडाळी उडवली. रीमचे कान उभे राहिले. "थांब," तो म्हणाला. ती थांबली. "आण." ती गेली, आणि ओल्या वाळूतून गुंडाळी घेऊन अशी दौडत आली की, त्या संथ माणसानं तिथल्या तिथं दोन उड्या मारल्या. बघायला कोणी नव्हतं, हे त्याचं नशीब. त्यानंतर धडाका झाला की आकाशाकडे बघायचं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. ऑक्टोबरात पिस्तुलाचा बार झाला तरी सांगितल्याशिवाय ती जागची हलेना.

कॉर्नेलियसला वाटलं, जिंकलो. हाशिमही खाली उतरून रोज सकाळी बरोबर यायला लागला. आणि तेव्हा खरी गोम कळली. गुंडाळी हाशिमनं फेकली, "आण" हाशिमनं म्हटलं, तरी रीम ती घेऊन यायची कॉर्नेलियसकडे. हाशिम हात पुढे करून उभा असायचा. ती त्याला वळसा घालायची, जसा काही वाटेत खांब आहे, आणि ह्याच्या तळहातात गुंडाळी ठेवायची.

"कॉर्नेल," हाशिम थकून म्हणाला, "मोरोक्को में तुम तो नहीं होगे."

हाशिम काही वाईट माणूस नव्हता. साखळीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. पण मालकाला पक्षी न देणारं कुत्रं शिकारीवर कोण नेणार?

आता शिकवायचं राहिलं होतं ते एकच, आणि ते पास्कूमामानं कधी सांगितलं नव्हतं. कॉर्नेलियस हाशिमच्या अलीकडे, रीमच्या वाटेतच उभा राहायचा, हात पाठीमागे बांधून. रीम तोंडात गुंडाळी घेऊन त्याच्यापुढे यायची. हा घ्यायचा नाही. ती त्याच्या कोपराला नाकानं ढोसायची. हा समुद्राकडे बघायचा. ती गुंडाळी पायाशी ठेवायची, पुन्हा उचलायची, जरा जवळ आणून ठेवायची. माझं काय चुकलं, असं जनावर कसं विचारतं ते ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. हाशिमनं हाक मारली आणि ती दोन पावलं तिकडे गेली की हाशिमच्या हातून खाऊ, हाशिमच्या हातून लाड. ह्याच्याकडून काही नाही.

एकदा नॅन्सी बरोबर आली होती. ती म्हणाली, "तुला बघवतं तरी कसं रे?"

"नाही बघवत," कॉर्नेलियस म्हणाला. "म्हणून तर तिकडे बघतो."

घरीही त्यानं दार लावून घ्यायला सुरुवात केली. रीमचं जेवण आता हाशिम द्यायचा. दाराच्या फटीपाशी काळं नाक यायचं, फुसफुसायचं आणि निघून जायचं. आत कॉर्नेलियस पेपर वाचायचा. कुठली बातमी वाचली म्हणून विचारलंत तर सांगता आलं नसतं.

नोव्हेंबरात हवा निवली, तसं हाशिमनं पुन्हा बागेत भावांना बोलावलं. या वेळी गुंडाळी नव्हती, बाजारातून आणलेलं मेलेलं कबूतर होतं. कॉर्नेलियस नेहमीसारखा वाटेत उभा राहिला, हात मागे. हाशिमकडे त्याची पाठ होती. नॅन्सी कुंपणाशी.

बार झाला. रीम बसून राहिली. कबूतर खजुरांपलीकडे पडलं. "आण," हाशिम म्हणाला, वसईच्या वळणानं, कारण तो शब्द त्यानं कॉर्नेलियसकडूनच उचलला होता. रीम सुटली. पाल्यात शिरली, दिसेनाशी झाली, आणि मग तिच्या पावलांचा आवाज परत येताना ऐकू आला. कॉर्नेलियसनं मान वळवली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. आवाज जवळ आला, अगदी जवळ आला, आणि मग मागून भावांचा गलका उठला. "शाबाश, शाबाश," हाशिम म्हणत होता. कबुतराचं पीससुद्धा विसकटलं नव्हतं.

नॅन्सी कुंपणाकडून चालत आली. कॉर्नेलियसनं अजून डोळे उघडले नव्हते.

"थांबली होती का गं माझ्यापाशी?" त्यानं विचारलं. "जराशी?"

नॅन्सीला खोटं बोलता आलं असतं. ती त्याच्या दंडाला धरून उभी राहिली.

"नाही," ती म्हणाली. "बघितलंसुद्धा नाही तुझ्याकडे. सरळ त्याच्याकडे गेली."

"बरं झालं," कॉर्नेलियस म्हणाला. "शिकली म्हणजे." एवढं बोलून तो तिथंच वाळूत खाली बसला आणि तोंडावर हात घेऊन रडला.