हरायचा तास

'मी घाबरले' हे वाक्य माझ्या तोंडून ऐकायला आमच्या सातपूरच्या कॉलनीतली माणसं तिकीट काढून येतील. तुम्हाला फुकट सांगते. चहा घ्या, बसा, आणि हसायचं ते शेवटी हसा.

आधी मी कोण ते सांगते. माझी शाळा चौथीनंतर सुटली, कारण घरी धाकटी भावंडं होती. पुढचं सगळं माझं मी शिकले. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचले, मुलाची पुस्तकं त्याच्या आधी वाचून संपवली, आणि आता विहारातलं वाचनालय मीच चालवते. पुस्तक उशिरा आणणाऱ्याला मी काय बोलते हे ज्याने एकदा ऐकलंय, तो पुढचं पुस्तक विकत घेतो.

कॅरमही तसाच शिकले. आमचे हे कारखान्यात फिटर होते, कायम सेकंड शिफ्ट. संध्याकाळी कॉलनीच्या क्लबात पुरुष मंडळी खेळायची आणि मी दारातून बघायची. एक दिवस आत शिरले आणि एकेकाला उठवलं. तेव्हापासून त्या बोर्डावर मला कुणी हरवलेलं नाही. सगळे मला अक्का म्हणतात, आणि जरा जपूनच म्हणतात.

तर जवळच्या एका शाळेने ठरवलं, की फार हुशार मुलांसाठी वेगळा वर्ग काढायचा आणि त्याला चौफेर अभ्यासक्रम ठेवायचा. मुख्याध्यापिका निकम मॅडमनी बाहेरची चार माणसं सल्ल्याला बोलावली. एक डॉक्टर, एक रिटायर्ड इंजिनीअर, एक कॉम्प्युटर क्लासवाले आणि मी.

मॅडम फळ्यावर लिहीत होत्या. रोबोटिक्स, कोडिंग, फ्रेंच, आकाशदर्शन, तबला, योगासनं. फळा भरला तरी हे तिघं थांबेनात.

"पोरांना डबा खायला वेळ ठेवलाय का?" मी विचारलं.

सगळे हसले. मला राग आला. रागात मी जे बोलते ते चांगलंच बोलते, हा माझा समज आहे. उभी राहिले आणि म्हणाले, "यात हरायचा तास कुठाय? ही पोरं जन्मापासून पहिली येतात. एकदा दुसरा नंबर आला की त्या दिवशी घरात कुणी जेवत नाही. मोठेपणी कुठेतरी हरणारच आहेत ना? तेव्हा काय तबला वाजवणार?"

इंजिनीअर म्हणाले, "पण हरायला शिकवायचं कसं?"

"सोपं आहे. कॅरम मांडायचा. मी त्यांना हरवते."

डॉक्टरांनी टाळी वाजवली. मॅडम म्हणाल्या, "अक्का, मग शनिवारी पालकांसमोर एक तास घेऊन दाखवा. त्यांना पटलं तर विषय अभ्यासक्रमात. नाही पटलं तर ती जागा फ्रेंचला जाईल."

मी तरंगतच घरी आले. सूनबाई सुवर्णा पोळ्या लाटत होती. तिला सांगितलं तर तिचं लाटणं थांबलं.

"हरायला शिकवणार? तुम्ही?"

"का गं?"

"मागच्या महिन्यात नातवाकडून लुडो हरलात, तर दोन दिवस त्याच्याशी बोलला नाहीत."

"तो फासा एका बाजूला झिजलाय."

"बरं," ती म्हणाली आणि परत लाटायला लागली. तिच्या त्या 'बरं'मध्ये जेवढं मावतं तेवढं माझ्या अख्ख्या वाचनालयात मावणार नाही.

खरी भीती सोमवारी आली. वाचनालयाच्या दारात एक पोरगी उभी. दोन वेण्या, नाकावर घसरलेला चष्मा, हातात स्वयंपाकघरातला वजनकाटा.

"आजी, मी मुक्ता. नव्या वर्गातली. शनिवारी मी तुमच्याशी खेळणार आहे. तुमच्या स्ट्रायकरचं वजन करू?"

"कशाला?"

"मी कधी कॅरम खेळले नाही ना, म्हणून."

तिने वजन केलं, मान डोलावली, थँक्यू म्हणाली आणि गेली. इतकी वर्षं तो स्ट्रायकर माझ्या हातात आहे. त्याचं वजन किती हे मला माहीत नव्हतं. त्या पोरीला आता माहीत होतं.

बुधवारी बातमी आली, की तिच्या वडिलांनी बोर्ड आणलाय आणि पोरगी जेवायला उठत नाही. गुरुवारी ऐकलं की ती डाव्या हातानेही मारते. त्या दिवसापासून मला घास गिळवेना.

तुम्ही म्हणाल, नऊ वर्षांच्या पोरीला काय घाबरायचं? अहो, माझा विषय काय होता ते बघा. पोरांना हरायला शिकवायचं तर मला जिंकायलाच हवं. मी हरले तर तास बुडाला आणि फ्रेंच आली. शिवाय एक गोष्ट तोवर मी कुणालाच सांगितली नव्हती. चौथीनंतर मला कुणी परीक्षेलाच बसवलं नाही, मग नापास कुठून होणार? शनिवारी पहिल्यांदाच पेपर होता, आणि तोही शिकलेल्या माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये.

शनिवारी सकाळी लवकर ह्यांना घेऊन शाळेत गेले. बोर्ड टेबलावर ठेवून ह्यांना म्हटलं, "लेव्हल लावून बसवा. तसूभरही उतार नको." ह्यांनी कारखान्यातली जुनी लेव्हल काढली, टेबलाच्या पायांखाली पुठ्ठे सरकवले, तिच्या नळीतला बुडबुडा मधोमध आणला. पावडर मी घरून चाळून आणली होती.

तास सुरू झाला. पहिला मुलगा झटक्यात हरला. त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला, तसा मी पालकांकडे तोंड करून धडा दिला. "हरल्यावर तीन गोष्टी करायच्या. समोरच्याच्या डोळ्यात बघायचं. हात मिळवून 'छान खेळलात' म्हणायचं. आणि पुढच्या डावाच्या सोंगट्या हरणाऱ्याने लावायच्या. कारणं सांगायची नाहीत." त्याने तिन्ही केल्या. दुसऱ्यानेही केल्या. आया डोळे पुसत होत्या. फ्रेंच मला लांब जाताना दिसत होती.

मग मुक्ता बसली.

पहिल्या दोन चाली तिच्या वाया गेल्या. माझा जीव भांड्यात पडला. तिसऱ्या चालीला तिने चष्मा वर सरकवला, आणि पुढे काय झालं ते मला धड आठवतही नाही. टक, टक, टक. राणी घेतली, कव्हर केली. पोरगी बोलत नव्हती, हसत नव्हती, बोर्डावर नुसत्या रेघा आखल्यासारखी बघत होती. माझ्या तळहाताला घाम फुटला. स्ट्रायकर ओला, पदराने पुसला, परत ओला. मागून सुवर्णाचा आवाज आला, "आई, पाणी देऊ?" अख्ख्या हॉलला कळलं, की अक्काला पाणी लागणार आहे.

शेवटी माझी एकच सोंगटी उरली, अगदी पॉकेटच्या तोंडाशी. फुंकर मारली तरी गेली असती. चाल माझी होती. मी मारलं. सोंगटी गेली, आणि तिच्यामागे स्ट्रायकरही गेला.

फाऊल. सोंगटी परत बोर्डावर, दंडाची वेगळी. मुक्ताने उरलेल्या दोन शांतपणे घेतल्या आणि डाव संपला.

अख्खा हॉल माझ्याकडे बघत होता. मी तोंड उघडलं, आणि आतून जे आलं ते असं:

"पंखा कुणी लावला? पावडर ओली झालीय. आणि हा बोर्ड उताराला आहे."

हॉलच्या मागच्या रांगेतून ह्यांचा आवाज आला, जन्मभर घरात कधी चढला नाही तो. "अगं, सकाळी तूच लेव्हल लावायला लावलीस ना? बुडबुडा मधोमध होता."

मी उठले आणि तडक बाहेर पडले. फाटकापर्यंत पोचले तेव्हा लक्षात आलं, की स्ट्रायकर माझ्या मुठीत आहे. मागून चपलांचा आवाज आला.

"आजी," मुक्ता धापा टाकत म्हणाली, "सोंगट्या हरणाऱ्याने लावायच्या ना?"

ती टोमणा मारत नव्हती हो. तिला नियम नीट समजून घ्यायचा होता. तेच जास्त लागलं.

परत आत गेले. सगळ्यांसमोर सोंगट्या लावल्या, मध्ये राणी ठेवली. तिच्या डोळ्यात बघितलं. 'छान खेळलीस' म्हणताना घसा असा काही दुखला, की टॉन्सिल काढताना दुखला नसेल.

सोमवारी निकम मॅडमचा फोन आला. मी आधीच म्हटलं, "समजलं. फ्रेंच ठेवा."

"अहो अक्का, हरायचा तास मंजूर झाला. एकही पालक विरोधात नाही. हा विषय किती गरजेचा आहे, ते सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं."

माझी छाती फुगली. "मग शिकवायला किती वाजता येऊ?"

"दर शनिवारी दहा वाजता या. पण अक्का, शिकवायला मुक्ता आहे."

तेव्हापासून मी जाते. पहिल्या बाकावर बसते, आसपास पोरंच पोरं. परवाही हरले. पण माझ्यात प्रगती आहे, असं मुक्ता म्हणते. या वेळी मी फक्त पंख्यालाच दोष दिला.