अभ्यासिकेतला मुका संगणक
अन्याय झाला तो बिबवेवाडीतल्या आमच्या अभ्यासिकेत, एका अंध मुलीवर, तिच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी. तिला धडे वाचून दाखवणारा लिनक्स प्रणालीवर चालणारा संगणक हेडफोनमधून चकार शब्द काढेना. तापलेल्या धुळीचा वास सोसत मी वायरी बदलल्या, आवाजाचा ड्रायव्हर प्रोग्राम पुन्हा टाकला, पुन्हा पुन्हा रीस्टार्ट केलं. शेवटी संगणकातला आवाज कमी-जास्त करायचा मिक्सर उघडला, तर मुख्य आवाजच म्यूट. “मीच बंद केलाय,” व्यवस्थापक पेपरातून मान वर न करता म्हणाले, “ही अभ्यासिका आहे, नाट्यगृह नाही.” “काका, मला दिसत नाही, मी ऐकूनच अभ्यास करते,” ती म्हणाली. “मग घरी ऐका.” मी आवाज सुरू केला, तोवर एक वाजला आणि त्यांनी जेवणाच्या सुट्टीसाठी मेन स्विच पाडला. माझा संताप अजून ओसरलेला नाही. तुमच्या भागातल्या अभ्यासिकेत आजच जा, तिथला संगणक बोलतो का बघा, आणि बोलत नसेल तर बोलता केल्याशिवाय उठू नका.